साडेचार हजारांचं मॅजिक किट आणि मालवणचा बाजार

किंमत ४,४९९ रुपये, कुरिअरचे वेगळे. काळा खोका, झाकणावर सोनेरी फॉइलमध्ये पाच टोकांची चांदणी, आत मखमल म्हणून फ्लॉकचा कागद. माझा धंदा छपाईचा. मालवणात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि जत्रेची हँडबिलं छापतो, त्यामुळे खोका उघडायच्या आधी मी झाकणाचा कोपरा नखानं खरवडून बघितला. फॉइल चांगलं बसलंय. आतल्या मालाबद्दल मात्र इतकं चांगलं बोलता येणार नाही.

संच मागवला माझ्या भाच्यानं. कुडाळला असतो, वाचायचा नाद आहे, आणि सेरिमोनियल मॅजिकचं खूळ त्याला माझ्यामुळेच लागलं. मी बरीच वर्षं प्रेस उघडायच्या आधी माडीवर थोडा वेळ हे करतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खोका माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, आता तूच सांग, ह्यातलं काय वापरू नि काय नको." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. विक्रेत्याचं नाव देत नाही. असे संच विकणारे पुष्कळ आहेत आणि थोड्याफार फरकानं आत हेच असतं.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी दोन ओळी. यात टोपीतून ससा नाही, नि करणी-मूठही नाही. ही युरोपातली विधींची परंपरा आहे. आज पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून जे शिकवलं जातं त्याचा मोठा भाग १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'गोल्डन डॉन' या मंडळाकडून आलाय. वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन हे तिघे संस्थापक, तिघेही फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद. कवी येट्स १८९० मध्ये त्यात शिरला. हिब्रू देवनामं, ग्रीकांची चार महाभूतं, टॅरो आणि ज्योतिष यांची त्यांनी एकत्र मोट बांधली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेला तोंड करून, ठरलेले शब्द आणि हातवारे रोज करायचे आणि मनाला वळण लावायचं, एवढाच माझ्या लेखी त्याचा अर्थ. यानं लॉटरी लागत नाही. मला तरी लागलेली नाही.

आता खोका. वरच्या थरात चार आयुधं: लाकडी कांडी, पितळी पाणी चढवलेला पेला, बोथट खंजीर आणि चांदणी कोरलेली लाकडी चकती. कांडी अग्नीची, पेला पाण्याचा, खंजीर वायूचा, चकती पृथ्वीची. हे वाटप बरोबर आहे. पण नवशिक्याला ही चार आयुधं विकणं म्हणजे गाडं उलटं जुंपणं. गोल्डन डॉनमध्ये ती आयुधं आतल्या मंडळात पोचलेल्या सभासदाला मिळायची, म्हणजे मिळायची कसली, त्यानं ती स्वतः बनवायची, स्वतः रंगवायची आणि मग त्यांचा संस्कार करायचा. बाहेरच्या मंडळातल्या नव्या माणसाच्या हातात एकच रोजचा विधी दिला जाई, त्याबद्दल पुढे लिहितो. विकत आणलेल्या पेल्यात त्यांच्या दृष्टीनं काही अर्थच नव्हता. शिवाय या खंजिराला भाच्याकडे एक पावसाळा काढायचाय. पात्याच्या मुळाशी आत्ताच तांबूस डाग दिसतोय, आणि अजून मृगसुद्धा लागलेला नाही.

कांडी सगळ्यात निराश करणारी. गुळगुळीत दांड्याला तपकिरी पॉलिश मारलंय, बस. गोल्डन डॉनच्या अग्निकांडीच्या पोटातून चुंबकीय पोलादी तार आरपार जायची, ते इथे कोण करणार? त्यांची दुसरी एक कांडी होती, टोकाला कमळ असलेली. वरून पांढरा, खाली काळा आणि मधे बारा राशींचे बारा रंगीत पट्टे. हे वर्णन वाचलं की आपल्याकडच्या माणसाला सावंतवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. चितारआळीत लाकूड चरकावर फिरवून त्यावर रंगीत लाखेचे पट्टे चढवतात, पोळपाट-लाटण्यापासून पाळण्यावरच्या खेळण्यांपर्यंत. मी तिथल्या एका कारागिराकडून तसा पट्ट्यांचा दांडा करून घेतला. "कसला हो हा? पडद्याचा दांडा?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. पट्टे इतके नेटके आलेत की हाताला जोड लागत नाही, आणि पैसे या संचातल्या कांडीपेक्षा जास्त पडले असतील असं मला वाटत नाही. तरीही नवशिक्यानं तो करून घ्यायची घाई करू नये. सावंतवाडीला गेलातच तर राजवाड्यात गंजिफा बघा. एकशेवीस पानांचा दशावतारी जोड, हातानं रंगवलेला. टॅरोची पानं घेऊन बसणाऱ्या आपल्या पोरांना घराजवळ हे आहे याचा पत्ताच नसतो.

संचात एक गोष्ट मात्र खरोखर कामाची आहे, आणि तीच वाईट छापलीय. ती म्हणजे तत्त्वकार्डं. ही कल्पना इथूनच तिकडे गेलेली. १८९० साली राम प्रसाद नावाच्या थिऑसॉफिस्ट लेखकाचं तत्त्वांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावरून लंडनच्या मंडळींनी पाच चिन्हं उचलली. पृथ्वी म्हणजे पिवळा चौकोन, आप म्हणजे रुपेरी चंद्रकोर, तेज म्हणजे लाल त्रिकोण, वायू म्हणजे निळं वर्तुळ आणि आकाश म्हणजे काळं-जांभळं अंडं. नावंही त्यांनी आपलीच ठेवली, पृथिवी, आपस्, तेजस् अशी. साहेबाचे उच्चार काय होत असतील ते होवोत.

करायचं काय, तर चांगल्या उजेडात लाल त्रिकोणाकडे अर्धा मिनिट टक लावून बघायचं आणि नजर झटकन कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर न्यायची. तिथे हिरवट त्रिकोण तरंगताना दिसतो. हा चमत्कार नव्हे, डोळ्यातल्या लाल ओळखणाऱ्या पेशी थकल्या की विरुद्ध रंग दिसतो. परंपरा पुढे सांगते की तो तरंगता आकार दार समजायचा, डोळे मिटायचे, कल्पनेनं त्यातून पलीकडे जायचं आणि काय दिसतं ते नोंदवायचं. एकाग्रतेला यासारखा व्यायाम मी दुसरा बघितलेला नाही. पण सगळी मदार रंगावर आणि कडेवर. रंग निर्भेळ हवा, कड सुरीनं कापल्यासारखी हवी.

आणि इथे यांनी माती खाल्लीय. भिंग लावून बघितलं. लाल त्रिकोण किरमिजी आणि पिवळ्याच्या ठिपक्यांनी बनवलाय, ते ठीकच, फोर कलरमध्ये तसंच होतं. पण रजिस्ट्रेशन हललंय, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेले नाहीत. डाव्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पिवळी रेघ डोकावते, आणि नजर त्रिकोणाच्या मध्यावर ठरायच्या ऐवजी सारखी त्या रेघेकडे धावते. रुपेरी चंद्रकोर तर रुपेरी नाहीच. चार रंगांतून चांदी निघत नसते, राखाडी निघतो. तिला पाचवी शाई लागते. वरून सगळ्या कार्डांना ग्लॉस लॅमिनेशन, म्हणजे खिडकीजवळ बसलात की त्रिकोणाऐवजी स्वतःचं नाक बघत बसा. पंचवीस कार्डं दिलीत, प्रत्येक तत्त्वाच्या पोटात दुसरं तत्त्व अशी. ती जोडणी परंपरेला धरून आहे, पण सुरुवातीला पाच पुरतात. बाकीची वीस निदान वर्षभर रबर लावून बाजूला.

मी भाच्याला पाच कार्डं नवीन करून दिली. जाड मॅट आर्ट कार्डावर स्क्रीन प्रिंटिंगनं, प्रत्येक रंगाची शाई वेगळी मिसळून, चंद्रकोरीला पत्रिकांची रुपेरी शाई. फॉइल मुद्दाम टाळलं, ते चमकतं. स्क्रीन जमत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून घोटीव कागद आणा, कात्रीनं आकार कापा आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. तेही या संचातल्या कार्डांपेक्षा सरस होईल. हातानं कापताना तो चौकोन डोक्यात बसतो, हा वर फायदा.

सोबतची पुस्तिका चाळीस पानांची, स्टेपल बाइंडिंग, इंग्रजीत. 'गुप्त ज्ञान प्रथमच' असं पहिल्याच पानावर. याच परंपरेतले लेखक इस्रायल रेगार्डी यांनी गोल्डन डॉनचे विधी १९३७ ते १९४० मध्ये चार खंडांत छापून टाकले, तेव्हाच गुप्त ते संपलं. त्यामुळे 'सीक्रेट'चे पैसे कुणी मागितले तर द्यायचे नाहीत. पुस्तिकेतली भाषा बरी आहे, पण एका आकृतीनं घोळ केलाय आणि तो घोळ नेमका नवशिक्याच्या एकमेव विधीत आहे.

तो विधी म्हणजे हवेत चांदण्या काढून चार दिशा बांधण्याचा. इंग्रजीत त्याला 'लेसर बॅनिशिंग रिच्युअल ऑफ द पेंटाग्राम', थोडक्यात एलबीआरपी म्हणतात. पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. आधी कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा यांना स्पर्श करत हिब्रू शब्द घुमवायचे: अतेह, मल्कुत, वे-गेबुरा, वे-गेदुला, ले-ओलाम, आमेन. मग पूर्वेला हवेत बोटानं चांदणी काढायची, तिच्या मध्यात बोट रोवून देवनाम घ्यायचं, तसंच बोट फिरवत दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला आणि परत पूर्वेला. फिरणं प्रदक्षिणेच्याच दिशेनं. मग हात पसरून चार देवदूतांची नावं घ्यायची, समोर राफाएल, मागे गाब्रिएल, उजवीकडे मिखाएल, डावीकडे उरिएल, आणि शेवटी पुन्हा पहिले शब्द. या विधीत लागते ती निरोपाची चांदणी, म्हणजे नको ते घालवून देणारी. ती चांदणीच्या खालच्या डाव्या टोकापासून वरच्या टोकाकडे सुरू होते. वरच्या टोकापासून खाली डावीकडे आलात तर ती आवाहनाची, म्हणजे बोलावणारी होते. पुस्तिकेत शीर्षक निरोपाचं आणि बाण आवाहनाचा. प्रूफ कुणी वाचलंच नाही, दुसरं काय.

आपल्याला यात परकं वाटावं असं फार नाही. संध्येतला दिग्बंध आठवा, न्यासात एकेका अवयवाला हात लावून मंत्र म्हणतात ते आठवा. रामरक्षेतलं कवच तर डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव राखायलाच सांगतं. तळकोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं असेल तर आणखी सोपं. आधी कुणाकुणाला हाक मारायची त्यांची नावं क्रमानं, मग काम काय ते स्पष्ट, मग मागणं, आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांचं 'व्हय म्हाराजा'. मोघम मागणं गाऱ्हाण्यात चालत नाही. तीच शिस्त इथे. हिब्रू उच्चारांना देवनागरी तर वरदान आहे. इंग्रजीतून वाचणारे 'मल्कुत'चं काय वाटेल ते करतात. एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहा आणि भिंतीला लावा.

दिशांचं एक सांगतो. त्यांच्याकडे पूर्व वायूची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. आपल्या वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला आणि वायू वायव्येला, त्यामुळे पोरं गोंधळतात आणि दोन्हींची खिचडी करतात. पहिलं वर्षभर खिचडी करायची नाही. एक पद्धत घ्यायची आणि तशीच्या तशी करायची. मालवणात पश्चिमेला गाब्रिएलच्या नावाला समुद्राची गाज आयतीच ऐकू येते, ही आपली जास्तीची सोय. जुलैत पाऊस आणि वारा दोन्ही तिकडूनच येतात तेव्हा वायूला पूर्वेला मानणं जड जातं, पण माना.

आणि हे करायचं स्वतःच्या खोलीत. राखणदाराच्या वडाखाली, शिवेवर, देवचाराच्या जागेत जाऊन हातवारे करू नका. त्या जागा गावाच्या आहेत, त्यांचे मानकरी आहेत, त्यांचे रिवाज आहेत. घरातही आधी सांगून ठेवा. मी सुरुवात केली तेव्हा आईनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "रे झिला, ह्या काय करतंस? करणी-बिरणी नाय मां?" तिला खाली बसवून सगळं दाखवलं. शेवटी म्हणाली, "मगे कपडे तरी धुतलेले घाल."

तिचं बरोबर होतं, आणि यावरून झग्याकडे येतो. संचातला झगा काळा, पॉलिएस्टरचा, एकाच मापाचा. मे महिन्यात आपल्याकडे तो घालून उभं राहणं ही शिक्षा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पॉलिएस्टर ज्योतीजवळ वितळून अंगाला चिकटतं, आणि सैल बाह्यांचा झगा घालून मेणबत्तीवरून हात फिरवायला सांगणारी पुस्तिका याच खोक्यात आहे. झगा परत. झग्याचं काम सोवळ्याचं आहे, या कामापुरते वेगळे ठेवलेले स्वच्छ कपडे. साधा सुती लेंगा-सदरा बस होतो. मेणबत्तीऐवजी समई किंवा निरांजन वापरा, ते सहजी कलंडत नाही आणि प्रत्येक घरात असतं.

धुपाच्या दोन डब्या आहेत, ऊद म्हणावा असा फ्रँकिन्सेन्स आणि मिऱ्ह. डब्या एवढ्याशा, लेबल छान. मिऱ्ह म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा हिराबोळ, आणि फ्रँकिन्सेन्सचा भारतीय भाऊ म्हणजे सालईचा डिंक. आपला गुग्गुळही हिराबोळाच्याच कुळातला. दुकानदाराला नावं सांगा, पुडीत बांधून देईल. कोळशाच्या गोल चकत्या लवकर पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा असतो. पेटताना तडतडतात, ठिणग्या उडतात आणि घशाला झोंबतात. पावसाळी हवेत ओल धरल्या की पेटायलाही तयार नाहीत. त्यापेक्षा करवंटीचा निखारा पितळी धुपाटण्यात घ्या, खाली वाळू घाला, आणि खिडकी उघडी ठेवा. दम्याचं माणूस घरात असेल तर धूप अजिबात नको, विधी त्यावाचून अडत नाही.

ज्या वस्तूशिवाय खरंच अडतं ती या खोक्यात नाहीच: वही. तारीख, वेळ, तिथी, झोप कशी झाली, काय केलं, मन कुठे भरकटलं. चार ओळी, पण त्याच दिवशी. परदेशी पुस्तकं चंद्राच्या कला बघायला वेगळं पंचांग विकत घ्यायला सांगतात. आपल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, मालवणच्याच जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं, त्यात तिथी आहे, नक्षत्र आहे. पुस्तिकेतलं 'प्लॅनेटरी अवर्स'चं, म्हणजे दिवसाचा कुठला तास कुठल्या ग्रहाचा याचं, कोष्टक बघून भाचा हरखला होता. त्याला पंचांगातला होरा दाखवला. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा क्रम दोन्हीकडे एकच. सूर्योदयाच्या होऱ्याचा जो स्वामी त्याचा तो वार. चोवीस होरे मोजा, पंचविसावा दुसऱ्या दिवसाचा पहिला येतो आणि पुढच्या वाराचं नाव आपोआप मिळतं. हे कळायला ४,४९९ रुपये लागत नाहीत.

संचासोबतच्या व्हिडिओंवर वेळ घालवत नाही. त्यांत पुस्तिकाच वाचून दाखवलीय.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र बोलायला हवं. संच घेतला की त्यात घालतात. पहिले काही दिवस गुड मॉर्निंग आणि कमळं. नंतर खासगीत मेसेज येतो: जुन्या युरोपीय जादूच्या पोथीतल्या बहात्तर आत्म्यांपैकी एकाला 'बांधून' धंद्यात बरकत, वेगळी फी. त्या पाठोपाठ, आता तुम्हाला संरक्षण लागेल, त्याची आणखी फी. एकाला तर शत्रूचा बंदोबस्त करून देण्याची ऑफर आली होती, भाच्यानं स्क्रीनशॉट दाखवला. तो त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचे दावे करून लोकांना लुबाडणं, भीती घालणं याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. स्वतःच्या खोलीत चांदण्या काढणाऱ्यानं या कायद्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं त्या मेसेज पाठवणाऱ्यानं. असा मेसेज आला तर पुरावा ठेवा आणि पोलिसात द्या.

आणखी एक, जे पुस्तिकेत एका ओळीतही नाही. झोप उडालेली असेल, आवाज ऐकू येत असतील, घरात नुकताच मृत्यू झाला असेल, मनाच्या आजारावरची औषधं चालू असतील, तर हे सुरू करू नका. आधी डॉक्टर. तत्त्वकार्डांतलं कल्पनेचं काम निरोगी मनालाही आठवड्यातून एकदोनदा पुरे. रोज फक्त दिशांचा विधी, दहा मिनिटांत होतो. त्यानंतर चहा घ्या, काहीतरी खा, कामाला लागा.

हिशेब असा. कार्डांची कल्पना पाचपैकी चार, छपाई एक. पुस्तिका दोन, आकृती पेननं दुरुस्त करून. धूप दोन. आयुधं शून्य, पेला सोडून. तो घासून घेतला तर पाणी ठेवायला चालेल. झगा नि ग्रुप यांना गुण द्यायची सोयच नाही. विक्रेत्यानं झगा परत घेतला, पैसे मात्र 'स्टोअर क्रेडिट' म्हणून दिले, म्हणजे त्याच्याकडून आणखी काहीतरी घ्या. भाच्यानं त्याच्या मेणबत्त्या मागवल्या, लाइट गेल्यावर उपयोगी पडतील म्हणून.

पाच कार्डांच्या स्क्रीन माझ्याकडे अजून आहेत. कुणाला हवी असतील तर लग्नसराई संपल्यावर प्रेसमध्ये या. कागदाचे नि शाईचे पैसे घेईन.